होडीतली मागची फळी

आमच्या गावात समुद्राची वाटणी आहे. जमीन जशी आजोबाकडून बापाकडे आणि बापाकडून मुलांकडे येते, तसेच पाणी येते. केर्केना बेटांभोवती समुद्र उथळ आहे. कुठे कमरेएवढा, कुठे छातीएवढा. त्यात खजुराच्या झावळ्या ओळीने रोवून लांबलचक कुंपण घालायचे. ओहोटीबरोबर निघालेला मासा कुंपणाला अडतो, त्याच्या कडेकडेने जात राहतो आणि शेवटी विणलेल्या पिंजऱ्यात शिरतो. या सगळ्या मांडणीला शर्फिया म्हणतात. जाळे ओढावे लागत नाही की माशामागे धावावे लागत नाही. मासा पाणीच आणून देते, त्यामुळे गावातली भांडणे पाण्यावरून होतात.

ती मिटवायला अमीन असतो. ज्याचा निकाल ऐकून लोक घरी जाऊन शिव्या देत, पण पाळत, असा शेवटचा अमीन म्हणजे खमाइस. बुटका, जाड मानेचा, ऑगस्टमध्येही लोकरीची टोपी घालणारा. तो ऑक्टोपस खात नसे. आमच्या बेटावर ऑक्टोपस घरोघरी खातात, तिथे हे सांगायचीसुद्धा लाज वाटावी. त्याची बायको मबरूका दोरीवर ऑक्टोपस वाळत घाली आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे, "अमीनसाहेबांना यांची दया येते. आठ पाय आहेत ना, पळून जाता आलं असतं बिचाऱ्यांना!"

खमाइसचा कायदा म्हणजे गावाचाच जुना कायदा होता. ज्याच्या कुंपणामुळे पाणी वळले आणि शेजाऱ्याचा पिंजरा रिकामा राहिला, त्याने आधी शेजाऱ्याचे कुंपण उभे करायचे, तेही आपल्या झावळ्यांनी. ते होईपर्यंत स्वतःच्या वाट्यात एकही झावळी रोवायची नाही. मुद्दाम केले की चुकून झाले, हे विचारायचे नाही.

बूरावी नावाच्या माणसाचे कुंपण एकदा जरा तिरके गेले. शेजारी हल्लूमा या विधवेचा वाटा होता, तो कोरडा पडला. कोरडा म्हणजे पाणी होते, मासा नव्हता. बूरावी तावातावाने खमाइसच्या अंगणात आला.

"अमीन, मी मुद्दाम केलेलं नाही. अल्लाची शपथ!"

"मी विचारलं का?"

"विचारलं नाही, पण सांगतो ना!"

"ते बायकोला सांग. मला झावळ्या दाखव."

बूरावीने हल्लूमाचे कुंपण उभे केले. तोंडाने अखंड बडबडत केले, पण केले. काम चालू असताना हल्लूमा काठावर बसून सूचना देत होती, आणि ती जास्त मोठी शिक्षा होती असे तो पुढे मरेपर्यंत म्हणत राहिला.

पाणी वळले की नाही हे ठरवायची रीत अशी. अमीनच्या होडीत तीन फळ्या. पुढच्या फळीवर तक्रार करणारा, मधल्या फळीवर अमीन, मागच्या फळीवर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो. ओहोटी सुरू होताना, वारा पडलेला असताना, अमीन मूठभर जवाचा कोंडा पाण्यावर टाकतो. कोंडा वाहत जातो आणि पाणी कुणाच्या कुंपणापाशी कसे वळते ते तिघांना दिसते. कोंडा नजरेआड होईपर्यंत कुणी बोलायचे नाही. दोन साडूंच्या खटल्यात कोंडा इतका संथ गेला की मागच्या फळीवरचा गडी झोपून गेला आणि निकाल त्याला घोरताना लागला.

कोंडा मबरूकाच्या घरचा. "भांडणं गावाची आणि कोंडा माझ्या कोंबड्यांचा," असे ती प्रत्येक वेळी म्हणे. प्रत्येक वेळी निवडून, पाखडून देईही.

त्या काळातला शरद आठवतो. उन्हाळाभर समुद्र मोकळा ठेवलेला असे. मग एका सकाळी गाव एकदम कामाला लागे. माणसे माडांसारख्या उंच खजुरांवर चढत, खाली झावळ्यांचे ढीग पडत, झावळ्या लादलेली गाढवे म्हणजे नुसते हिरवे ढीग चालत आल्यासारखे दिसत. अंगणाअंगणात बायका दोर वळत. पहिल्या दिवशी रोवलेल्या झावळ्या अजून ओल्या आणि हिरव्या असत, आणि काठावरून पाहिले की समुद्रात कुणीतरी बाग लावली आहे असे वाटे. पहिला मासा लागला की वाफवलेल्या जवाच्या कुसकुसाची पातेली चढत आणि त्या दिवशी वाटेने जाणाऱ्याला न जेवता पुढे जाऊ दिले जात नसे. पोस्टमन त्या दिवशी मुद्दाम उशिरा येई.

हे सगळे एका वर्षात संपले नाही. आधी अंजीर गेले. खमाइसची एक बाग अगदी सखल भागात होती. खजुराच्या सावलीत अंजिराची झाडे. त्यांची पाने कडेने जळू लागली. मग किनाऱ्याजवळच्या खजुरांचे शेंडे वाळून गळून पडले आणि नुसते खांब उभे राहिले. विहिरीच्या पाण्याने चहा खारट होऊ लागला. "यंदा उधाण जरा जास्त आहे," असे लोक म्हणत. पुढच्या वर्षीही तेच म्हणत. हे वाक्य गावाने किती वर्षे वापरले कोण जाणे, पण ते वापरून होईतो खमाइसची ती बाग भरतीला पाण्याखाली जाऊ लागली होती, आणि ओहोटीला तिचे बुंधे चिखलातून वर दिसत होते.

बूरावीचा मुलगा फ्रज याचा वाटा खमाइसच्या वाट्याला लागून होता. फ्रज पन्नाशीला आलेला, वडिलांसारखाच बोलका, पण त्या वर्षी गप्प होता. लागोपाठ दोन हंगाम त्याचा पिंजरा जवळजवळ रिकामा गेला होता. त्याच्या मेहुण्याने पलीकडे स्फाक्स शहरात एका संगमरवराच्या कारखान्यात रखवालदाराची जागा पाहून ठेवली होती. त्याने घरात सांगून टाकले होते, या शरदात मासा लागला नाही तर कुलूप लावायचे आणि फेरीबोट पकडायची. बेटावर कुलूप लागलेले घर पुन्हा उघडलेले कुणी पाहिलेले नाही.

तो खमाइसच्या अंगणात आला तेव्हा मबरूका दोर वळत होती.

"काका, तक्रार आहे."

"कुणाविरुद्ध?"

फ्रजने पायातल्या चपलेकडे पाहिले. "तुमच्याविरुद्ध."

मबरूकाने हातातला दोर खाली ठेवला. "अल्लानं ऐकलं! इतकी वर्षं वाट बघत होते, कुणीतरी एकदा या माणसाला मागच्या फळीवर बसवेल म्हणून."

"तू गप बस," खमाइस म्हणाला. मग फ्रजला, "माझं कुंपण तुझं पाणी वळवतंय म्हणतोस?"

"आणखी कुणाचं वळवणार? शेजारी तुम्हीच. मला सांगताना लाज वाटते, काका. पण पिंजरा रिकामा आहे."

"लाज कसली? तक्रार आहे, चोरी नाही. पण मधल्या फळीवर कोण बसणार? मी एकाच वेळी दोन जागी बसू शकत नाही."

गावात दुसरा अमीन नव्हता. बराच वेळ कुणाचे नाव सुचेना. शेवटी मबरूका म्हणाली, "कोंडा माझा आहे. मी बसते." बाई आजवर त्या फळीवर बसलेली नव्हती. पण बसू नये असेही कुठे सांगितलेले नव्हते.

त्याच दिवसांत सिहेम गावात होती. राजधानी ट्यूनिसहून आलेली, चाळिशीची, किनारा किती सरकला ते मोजणाऱ्यांपैकी. ती काम चोख करी आणि फारशी बोलत नसे. जगातल्या सगळ्या देशांची माणसे जिथे जमतात त्या मोठ्या सभांना ती आपल्या देशाच्या माणसांबरोबर जाऊन आली होती. धक्क्यावर ती उभी दिसली, येऊ का म्हणाली, आणि फ्रजने तिला पुढच्या फळीवर आपल्याशेजारी जागा दिली.

होडी दोघांच्या वाट्यांच्या मध्ये नेली. तिथे पाण्याखाली खडकाचा एक लांब कट्टा आहे. पूर्वी ओहोटीचे पाणी त्याला अडून वळायचे, म्हणून तर पूर्वजांनी दोन्ही कुंपणे तिथे घातली होती. मबरूकाने कोंडा टाकला. ती बोलली नाही. गावात पुढे खटल्यापेक्षा या गोष्टीची चर्चा जास्त झाली.

कोंडा कट्ट्यापाशी आला आणि वळला नाही. सरळ कट्ट्यावरून गेला. खमाइसच्या कुंपणाला जुन्या झावळ्या राहिल्या होत्या, त्यांचे शेंडे पाण्याखाली होते. कोंडा त्यांच्यावरून गेला. फ्रजच्या कुंपणावरूनही गेला. मग चकाकणाऱ्या पाण्यात दिसेनासा झाला.

"तुमचं कुंपण नाही, काका," फ्रज म्हणाला. त्याला हायसे वाटल्याचे दिसले, आणि लगेच ते हायसे वाटणे निघून गेलेलेही दिसले. खमाइसचे कुंपण असते तर उपाय होता.

"मग निकाल काय?" मबरूकाने विचारले. "कुणीच नाही?"

"कुणीच नाही असं पाण्यात नसतं," खमाइस मागच्या फळीवरून म्हणाला. "पाणी कट्ट्यावरून जातंय. आपोआप गेलं का? कुणीतरी चढवलंय." त्याने सिहेमकडे पाहिले. "पोरी, तू त्या सभांना जातेस. तिथं काय म्हणतात?"

"पुष्कळ म्हणतात, काका. ज्यांनी शंभर-दीडशे वर्षं धूर केला ते म्हणतात, तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. जे आता करतायत ते म्हणतात, आमची पाळी तर आत्ता आली. आणि सगळे मिळून म्हणतात, आधी समोरच्यानं सुरुवात करावी."

"म्हणजे मुद्दाम केलं नाही म्हणतात."

"हो."

"बूरावीसारखंच," मबरूका म्हणाली.

"माझ्या बापाला कशाला मध्ये आणता?" फ्रज म्हणाला. "त्यानं कुंपण तरी उभं केलं होतं."

"तेच म्हणतोय," खमाइस म्हणाला. "मुद्दाम केलं का, हे आपण विचारतच नाही. पाणी वळलं का, एवढंच."

सिहेमने मान हलवली. "इथं जमतं ते, काका. रागावू नका, पण इथं बूरावीला दुसऱ्या दिवशी सकाळी हल्लूमाच्या दारावरून जावं लागत होतं. तिथं कुणाला कुणाच्या दारावरून जावं लागत नाही. सभा संपली की प्रत्येकजण आपल्या गावी."

खमाइस पाण्याकडे पाहत "हे खरं आहे" एवढेच म्हणाला.

मग त्याचे कोपर कशाला तरी लागले. मागच्या फळीवर बसायची त्याला सवय नव्हती. इंजिनाचा दांडा तिथे होता. गावात होडीला पहिले इंजिन त्यानेच बसवले होते, थोरल्या मुलीच्या लग्नाच्या वर्षी. त्या दिवशी त्याने लहान पोरासारख्या धक्क्याभोवती फेऱ्या मारल्या होत्या, आणि वऱ्हाड ताटकळले होते.

"थोडं मीही चढवलंय," तो म्हणाला.

फ्रज हसत सुटला. "काका, तुमच्या या खोकणाऱ्या डब्यानं समुद्र चढला? मग माझ्या आईच्या चुलीनंही चढला असेल. बोलवा तिलाही कबरीतून!"

"तिनं चिमूटभर. मी मूठभर. ज्यानं गोणीनं टाकलं, त्यानं गोणीनं. प्रत्येकाचं सारखं आहे असं मी म्हणत नाही. पण गोणीवाला आज होडीत नाही, आणि मागच्या फळीवर मी बसलोय."

"म्हणून?"

"म्हणून माझ्या मुठीपुरतं मी करतो. आधी तुझं कुंपण. गोणीवाल्याचा खटला उघडा राहील. तो येऊन बसेपर्यंत."

"आणि नाही आला तर?" सिहेमने विचारले.

"तर खटला मिटला असं कुणी म्हणायचं नाही. एवढं तरी आपल्या हातात आहे."

जुन्या जागी कुंपण घालून उपयोग नव्हता. मासा आता ओहोटीला खमाइसच्या बुडालेल्या बागेवरून परत फिरत होता. तिथले पाणी कमरेएवढे होते, पूर्वीच्या वाट्यांसारखे. खमाइस म्हणाला, जमीन माझी होती, म्हणजे पाणीही माझेच, आणि तो वाटा फ्रजचा.

प्रश्न झावळ्यांचा होता. त्या वर्षी खमाइसच्या उरलेल्या खजुरांना एका कुंपणापुरत्या झावळ्या निघाल्या असत्या, त्याही आखूड आणि ठिसूळ. घरी आल्यावर मबरूकाने दार लावून घेतले, पण आवाज अंगणाबाहेर येत होता.

"आणि आपलं कुंपण?"

"नंतर."

"नंतर म्हणजे झावळ्या संपल्यावर ना? तू न्याय करायला निघालास की दान करायला?"

"दान असतं तर फ्रजनं घेतलं नसतं."

मबरूका फ्रजला पाळण्यात असल्यापासून ओळखत होती. तो उपाशी राहिला असता, पण दान घेतले नसते. त्याच्या वडिलांनीही घेतले नसते. दुसऱ्या दिवशी तिने वळलेले सगळे दोर पाठीवर टाकले आणि बुडालेल्या बागेकडे गेली.

कुंपण बुंध्यांच्या मधून घालावे लागले. फ्रजला तिथला एकेक बुंधा ठाऊक होता. पाण्यात उभा राहून झावळ्या ठोकताना तो म्हणाला, "या झाडाखाली मी तुमचे अंजीर चोरायचो, काका."

"ठाऊक आहे. म्हणून तर कुत्रं पाळलं नाही."

"मला वाटायचं तुम्हाला कुत्रे आवडत नाहीत."

"मला कुत्रे आवडतात. तुझी तंगडी धरली असती तर निकाल मलाच द्यावा लागला असता."

पहिल्या ओहोटीला पिंजऱ्यात बोई लागल्या. भरघोस नाही, पण पुरेशा. मबरूकाने जवाचा कुसकुस केला. अंजिराच्या जागी मासा लागला याचे कुणाला हसू आले, कुणाला नाही. फ्रजने मेहुण्याला निरोप पाठवला की जागा दुसऱ्या कुणाला दे. तो श्रीमंत झाला नाही, पण त्याच्या दाराला कुलूप लागले नाही.

सिहेमने ती गोष्ट पुढच्या मोठ्या सभेत सांगितली. लोकांना फार आवडली, असे तिने नंतर सांगितले. टाळ्या झाल्या आणि मग जेवणाची सुटी झाली.

खमाइसचा स्वतःचा वाटा त्या शरदात रिकामा राहिला. पुढच्या शरदात झावळ्या आणखी कमी निघाल्या आणि फ्रजच्या कुंपणाच्या दुरुस्तीतच गेल्या. त्याने इंजिन बंद ठेवले, जवळच्या फेऱ्या बांबूने रेटत करू लागला. त्याने समुद्र उतरेल असे तो कधी म्हणाला नाही. विचारले तर म्हणे, "खोकला ऐकून कंटाळा आला." तिसऱ्या वर्षी, उन्हाळा संपत असताना, तो दुपारी झोपला आणि उठला नाही. टोपी डोक्यावरच होती.

गावात असा नियम आहे की सलग तीन शरद एकही झावळी लागली नाही तर तो वाटा गावाकडे जातो. तिसरा शरद उभा होता. खमाइसच्या मुलांपैकी कुणी बेटावर नव्हते. हंगामाच्या पहिल्या सकाळी, स्वतःच्या कुंपणाला हात लावण्याआधी, फ्रज एक झावळी घेऊन एकटाच गेला आणि खमाइसच्या जुन्या वाट्यात, कट्ट्याच्या अलीकडे, रोवून आला. एक झावळी म्हणजे कुंपण नव्हे, पण नियमात "एकही नाही" असे आहे, आणि एक होती. तेव्हापासून दर शरदात तो हे करतो. आता गावाने त्यालाच अमीन केले आहे. दुसरे कुणी ते काम घेत नव्हते, हेही खरे.

गेल्या शरदात सिहेम पुन्हा आली होती. केस पांढरे झालेले, मापे घ्यायला आता तिच्या हाताखाली माणसे. झावळीच्या सकाळी ती धक्क्यावर आली तेव्हा फ्रज होडी सोडत होता आणि मबरूका, काठीवर रेललेली, निरोप द्यायला उभी होती. सिहेम होडीत उतरली आणि पूर्वी बसली होती तिथे, पुढच्या फळीकडे निघाली.

"तिथं नको," मबरूका काठावरून म्हणाली. "तिला मागं बसव, फ्रज. सभांना विमानानं जाते ती."

"मावशी, मी सभांना जाते ते तुमच्यासाठीच ना!"

"मी कुठं विचारलं कशासाठी जातेस?"

फ्रजने तोंड फिरवून हसू लपवले. सिहेम थोडा वेळ दोन फळ्यांच्या मध्ये उभी राहिली, मग मागच्या फळीवर जाऊन बसली. फ्रजने झावळी तिच्या मांडीवर आडवी ठेवली आणि बांबूने होडी रेटली.

कट्ट्यापाशी पाणी आता छातीच्या वर होते. फ्रजने होडी स्थिर धरली.

"रोव."

"मी?"

"मागच्या फळीवर तूच आहेस. आणखी कुणी दिसतंय का?"

तिने बाही वर केली, ओणवी झाली आणि खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून झावळी खाली दाबली. ती तिरकी गेली. तिने ती उपसून पुन्हा रोवायला हात घातला.

"असू दे," फ्रज म्हणाला. "लागली ना? चला, आता माझं कुंपण."